काकांचा डब्बा आणि आमच्या तीन डिस्क



आजची पोस्ट लांबणार आहे, आणि तिच्यात सराफ्यातल्या खाण्याचं वर्णन नाही, हे आधीच सांगून टाकतो. विषय रुक्ष वाटेल: घरातल्या कम्प्यूटरांचा बॅकअप ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क कुठली घ्यावी. पण ह्याच प्रश्नावर आमच्या घराण्याची दीडशे-दोनशे वर्षांची माहिती एका रात्रीपुरती टांगून राहिली होती, म्हणून लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. डिस्क घेताना आपण कंपनी बघतो, टीबी बघतो, भाव बघतो. ती कुठल्या मशीनची भाषा बोलते, हे बघत नाही. आणि तिथेच फसतो.

आमचे धारचे काका. शाळेत मास्तर होते, निवृत्त झाल्यावर कुलवृत्तांताच्या मागे लागले. मूळ घराणं कोकणातलं, होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलेलं. मग कुणी धारला, कुणी देवासला, कुणी ग्वाल्हेरला, एक शाखा पार बडोद्याला. काका एसटीनं आणि रेल्वेनं फिरून घरोघरच्या वह्या उतरवून आणायचे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची नामावळ बघून आले. मोडी त्यांना वाचता यायची, ते सगळं देवनागरीत आणून कम्प्यूटरवर टाईप करायचे. विंडोज एक्सपीचा पांढरा (पुढे पिवळा पडलेला) डब्बा, 40 जीबीची डिस्क, आणि पुण्याहून कुणाकडून तरी आणलेलं मराठी फॉन्टचं पॅकेज. रात्री अकरापर्यंत टकटक चालायची.

काका गेले तेव्हा चुलतभावानं त्यांची मुख्य फाईल पेन ड्राइव्हवर टाकून मला दिली. मी ती जपून ठेवली. बॅकअप म्हणतात तो माझ्याकडे आहे, अशी माझी समजूत. काही वर्षांनी मुलाच्या लग्नात कुणीतरी पणजोबांचं नाव विचारलं, म्हणून फाईल उघडली, तर समोर सेमीकोलन, कंस, तिरप्या रेघा आणि रोमन अक्षरांचा चिवडा.

ज्यांनी 2000 सालाच्या आसपास मराठी टायपिंग केलंय त्यांना कारण लगेच कळेल. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांत मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा. कृतिदेवमध्ये इंग्रजी डी दाबलं की क उमटतो, तशातला प्रकार. फाईलमध्ये साठतं ते डी. पडद्यावर क दिसतो तो फॉन्टच्या कृपेनं. फॉन्ट नसेल तर उरतो नुसता डी. युनिकोड आल्यावर ही भानगड मिटली, पण त्याआधीची आपली कितीतरी कागदपत्रं अशी अडकलेली आहेत: स्मरणिका, मंडळांची इतिवृत्तं, आजोबांची आत्मचरित्रं. काकांच्या फाईलमध्ये फॉन्टचं नाव होतं, फॉन्ट मात्र कुठे मिळेना. आणि शाखांचे तक्ते पेजमेकरमध्ये केलेले, ते तर आजच्या मशीनवर उघडतच नाहीत.

म्हणजे फाईल वाचली होती आणि मजकूर गेला होता. ह्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मी फाईलचा बॅकअप ठेवला, ती फाईल ज्या मशीनला वाचता येत होती त्या मशीनचा ठेवला नाही.

मग गेल्या दसऱ्याच्या आधी काकूंचा फोन आला.

"अरे, माळा आवरून राहिलो आहोत. तुझ्या काकांचा डब्बा कबाडीवाल्याला देतेय सूनबाई. तुला हवाय का?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं धार गाठलं.

डब्बा इंदूरला आणला. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला बोलावलं. जुना मॉनिटर शेजाऱ्यांकडून आणला. बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि काय सांगू मंडळी, एक्सपीची ती हिरवी टेकडी पडद्यावर आली. काकांच्या फोल्डरमध्ये शाखांच्या अकरा फाईली होत्या. पहिली उघडली आणि शुद्ध मराठीत आमचं मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, सगळं ओळीनं. माझी पत्नी देवघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली.

एवढ्यात डब्ब्यातून कट्-कट् आवाज यायला लागला. भाचा ओरडला, "मामा, बंद करा! डिस्क चाललीय!"

बंद केला. भाच्याचं म्हणणं असं: आता हिला पुन्हा पुन्हा चालू करायचं नाही. डिस्क बाहेर काढायची, आपल्या मशीनला अडॅप्टरनं जोडायची आणि लिनक्समधून तिची हुबेहूब नक्कल एका फाईलमध्ये उतरवायची, फॉन्ट, प्रोग्रॅम, विंडोज सगळ्यासकट. डीडीरेस्क्यू नावाचं एक साधन आहे, ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं आणि खराब जागांवर नंतर सावकाश डोकं आपटतं. मरणाऱ्या डिस्कसाठी हीच पद्धत बरी. 40 जीबीची डिस्क, म्हणजे 40 जीबीची एक फाईल. "ठेवायला जागा कुठे आहे?"

आमच्या घरातली परिस्थिती ऐका. माझ्या डेस्कटॉपवर विंडोज 10 होतं. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा आधार काढला. मशीन विंडोज 11 च्या अटींत बसेना, म्हणून भाच्यानं त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स मिंट बसवून दिलं. दोन्ही बसवल्यानं ती डिस्क गच्च. बाहेरच्या दोन डिस्क होत्या. पहिली माझी, 1 टीबीची, अर्धी रिकामी. पण तिच्यावर फॅट32 होतं, कारण ती टीव्हीला पण लागायची. फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. पाचशे जीबी रिकामी जागा आणि 40 जीबीला मनाई! दुसरी डिस्क सूनबाईची. ती मॅकवर काम करते, डिस्क मॅकच्या टाइम मशीनसाठी, तिच्यावर ॲपलचं एपीएफएस. लिनक्सला ती लिहिता येत नाही, विंडोजला तर दिसतही नाही.

दोन डिस्क, दीड टीबी मोकळी जागा, आणि काकांना ठेवायला कोपरा नाही. माझी फॅट32 पुसून टाकावी तर तिच्यावर आईचे फोटो.

रात्री आठ वाजता जेल रोड गाठला. दुकानदार शटर ओढायच्या बेतात. "अंकल, 2 टीबी ले जाओ. सब में चलेगा." मी घेतली. काकांची नक्कल त्या रात्री तिच्यावर उतरली. सकाळी सहाला भाचा सोफ्यावर झोपलेला आणि पडद्यावर थोडे खराब सेक्टर सोडून बाकी सगळं निघालेलं.

पण "सब में चलेगा" हे वाक्य पुढचे चार महिने माझ्या डोक्यात बसलं. कारण ते अर्धं खरं आहे.

नव्या डिस्क बहुतेक एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट घालून येतात. एनटीएफएस विंडोजचं, लिनक्स ते वाचतं आणि लिहितंही, मॅक मात्र नुसतं वाचतो, लिहू देत नाही. एक्सफॅट तिन्हीकडे वाचता-लिहिता येतं आणि 4 जीबीची अट नाही, म्हणून ते "सब में" चालतं. फोटो, पीडीएफ, गाणी ह्यांची ने-आण करायला उत्तम. पण बॅकअप, म्हणजे अख्खं मशीन परत उभं करायची सोय, ह्यासाठी ते लंगडं आहे. मॅकच्या टाइम मशीनला ते चालत नाही. ते डिस्क पुसून आपलं एपीएफएस मागतं. लिनक्स मिंटचं टाइमशिफ्ट लिनक्सचीच घडी मागतं, ईएक्सटी4 किंवा तत्सम, कारण कुठली फाईल कुणाची आणि कुणाला काय परवानगी ह्या नोंदी एक्सफॅटमध्ये राहत नाहीत. शिवाय एक्सफॅटला जर्नल नाही. जर्नल म्हणजे रोजकीर्द समजा: लिहिताना मध्येच वायर ओढली गेली तर कुठपर्यंत आलो होतो त्याची नोंद. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते आणि नातवंडं वायरी किती ओढतात, हे मी सांगायला नको.

भाच्यानं मग हुशारी केली. एकाच 2 टीबीचे तीन वाटे: एक मॅकचा, एक लिनक्सचा, एक एक्सफॅटचा सामाईक. कागदावर झकास. सूनबाईनं मॅकला लावली, मॅकला लिनक्सचा वाटा समजेना, त्यानं विचारलं: ही डिस्क वाचता येत नाही, इनिशिअलाइझ करू का? म्हणजे साध्या मराठीत, पुसू का? ती बिचारी कामाच्या घाईत, बोट बटणावर. मी त्याच वेळी चहा घेऊन गेलो म्हणून थांबली. त्या लिनक्सच्या वाट्यात काकांची नक्कल होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. एका चुलीवर तीन जावांचा स्वयंपाक होतो, होत नाही असं नाही. पण रोज कुणीतरी चहाला तिथे राहावं लागतं. वाटे पाडलेली एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा वेगवेगळ्या मध्यम डिस्क घ्या. भाच्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, "मामा, माणसानं वाचून बटण दाबावं." माझं म्हणणं, बॅकअपची गरज पडते ती घाबरलेल्या माणसाला, आणि घाबरलेला माणूस वाचत नाही.

आता आमच्याकडे तीन डिस्क आहेत.

पहिली सूनबाईच्या मॅकची, फक्त मॅकची. ॲपल म्हणतं, मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट असावी. तिचा मॅक 512 जीबीचा, म्हणून 1 टीबी. ही आम्ही एसएसडी घेतली. ती लॅपटॉपबरोबर पिशवीत फिरते, पडते, आणि एसएसडीत फिरणारा भाग नसल्यानं पडणं सोसते. शिवाय एपीएफएस हे एसएसडीसाठीच घडवलेलं आहे, फिरत्या तबकडीवर ते रडत रडत चालतं.

दुसरी माझ्या डेस्कटॉपची, 2 टीबीची साधी फिरत्या तबकडीची, तीच जेल रोडवाली. तिचे दोन वाटे ठेवले. ईएक्सटी4 च्या वाट्यात काकांची नक्कल, मिंटचे टाइमशिफ्ट आणि विंडोजची अख्खी प्रतिमा. ही प्रतिमा क्लोनझिलानं काढतो: पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, विंडोज आणि लिनक्स दोन्ही झोपलेले असतानाच त्यांचा फोटो काढायचा. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम असणाऱ्यांना हे सोयीचं, कारण सुरुवातीला कुठली सिस्टिम निवडायची तो पडदासुद्धा प्रतिमेत येतो. एक अट लक्षात ठेवा: परत उतरवताना नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. दुसरा वाटा एक्सफॅट, त्यात फोटो, कागद, आणि काकांच्या नकलेची आणखी एक प्रत, कुणालाही कुठल्याही मशीनवरून उचलता येईल अशी. इथे एक चूक कबूल करतो. 2 टीबी कमी पडायला लागलेत. आज घेतली असती तर 4 घेतली असती. आणि हो, 2 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 1.81 दिसते म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मी गेलो होतो. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज 1024 च्या.

टाइमशिफ्टबद्दल एक सावध सूचना. ते सिस्टिम जपतं, तुमचं होम फोल्डर आपणहून जपत नाही. माझ्या एका स्नेह्यांनी वर्षभर निश्चिंतपणे टाइमशिफ्ट चालवलं आणि वेळ आली तेव्हा मिंट परत आलं, कविता आल्या नाहीत. होम फोल्डरसाठी वेगळा बॅकअप घ्यावा लागतो.

तिसरी डिस्क म्हणजे दुसरीचं जुळं. ती देवासला ताईकडे असते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केला. आमच्या आजीनं दागिन्यांच्या बाबतीत तो आधीच पाळला होता, थोडे इथे, थोडे माहेरी. दोन्ही पाडव्यांना आम्ही डिस्क बदलतो. इकडची नवी भरून देवासला, तिकडची जुनी इंदूरला. वर्षातून दोनदा, मुहूर्त ठरलेला, विसरायला होत नाही. आणि ताईकडे जाणं होतं.

तबकडीची घ्यावी की एसएसडी, हे सगळे विचारतात. कपाटात पडून राहणारी असेल तर तबकडीची, असं माझं मत. तेवढ्याच पैशांत जागा जास्त. तबकडी मरताना बहुधा आवाज करते, काकांच्या डिस्कनं केला तसा, हाताशी थोडा वेळ देते. एसएसडी जाते ती अनेकदा निरोप न घेता, आणि मग तिच्यातून काही काढणं अवघड. शिवाय एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर तो भार ओसरू शकतो. म्हणून एसएसडी माळ्यावर टाकून विसरायची वस्तू नाही. खरं तर कुठलीच नाही, पण एसएसडी तर नक्कीच नाही.

खरेदीच्या वेळची एक बारीक गोष्ट. छोट्या तयार डिस्कांपैकी काहींत यूएसबीचं तोंड थेट आतल्या सर्किटवर डाखलेलं असतं. ते तोंड ढिलं झालं की आतली धडधाकट डिस्कसुद्धा बाहेर काढून दुसरीकडे लावता येत नाही. तिसरी डिस्क आम्ही म्हणून वेगळी घेतली: साधी लॅपटॉपची डिस्क आणि वेगळं केसिंग. केसिंग बिघडलं तर नवं केसिंग. मोठ्या साडेतीन इंचीला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, तो दहा वर्षांनी सापडेल का, हा विचार करा. आमच्या घरात अडॅप्टरांचा डबा आहे आणि त्यातला एकही कशालाच बसत नाही.

स्वस्तातल्या "16 टीबी" पासून लांब राहा. आमच्या एका मेहुण्यांनी ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मागवली. आत एक बारकं मेमरी कार्ड, आणि मशीनला 16 टीबी सांगणारं खोटारडं सर्किट. फाईल कॉपी होताना दिसते, नाव दिसतं, उघडायला गेलं की काही नाही. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ3, ही फुकट साधनं डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतात. नवी डिस्क, मग ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असो, आम्ही रात्रभर ह्यातून काढतो. नवीन मडकं पाणी भरून बघतोच ना.

क्लाउडचं काय, असं मुलगा बेंगळुरूहून विचारतो. माझा विरोध नाही. फोटो तिथेही आहेत. पण गूगलची फुकट जागा 15 जीबी, त्यात मेल पण आलं, फोटो पण आले. जास्त हवी तर दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे, आणि ते भरणारा माणूस गेला की मागच्यांना पासवर्डापासून सुरुवात. आणि मुख्य म्हणजे काकांचा अख्खा एक्सपी तिथे ठेवायचा आणि मधूनमधून काढून बघायचा, हे आमच्या नेटवर कुणी करणार नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही त्याला सांगितलं: इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. त्याच कारणानं डिस्क मशीनला कायम लावून ठेवत नाही. एखादा खंडणीखोर व्हायरस आला तर जोडलेली डिस्क पण गुंडाळून नेतो. काम झालं, इजेक्ट केलं, वायर काढली, कपाटात.

कुलूपबंदीबद्दल माझं मत पुष्कळांना पटणार नाही. डिस्क विकत घेतली की लोक लगेच तिला पासवर्ड घालतात. बँकेचे कागद, आधारच्या प्रती असतील तर त्या फोल्डरला जरूर घाला. पण कुलवृत्तांत, फोटो, आजीचा आवाज, ह्यांना कुलूप घालू नका. ते चोराला नको असतं. ते हवं असतं नातवाला, आणि तेव्हा किल्ली माहीत असलेला माणूस फोटोत असतो. आमच्या डिस्कवर मी कागद चिकटवलाय: आत काय आहे, कुठल्या मशीनला लावायची, आणि ठळक अक्षरांत "फॉरमॅट किंवा इनिशिअलाइझ विचारलं तर नाही म्हणा." बँकेच्या फोल्डरचा पासवर्ड पोथ्यांच्या कपाटातल्या वहीत.

आता काकांच्या फाईलींचं पुढे काय झालं ते. नकलेवरून भाच्यानं आमच्याच मशीनच्या पोटात, एका खिडकीत, काकांचा एक्सपी चालू करून दाखवला. व्हर्च्युअलबॉक्स म्हणतात त्याला. दोन संध्याकाळी खटपट झाली, पण चालला. पहिलं काम काय केलं, तर सगळ्या फाईलींचे आणि पेजमेकरच्या तक्त्यांचे पीडीएफ काढले, म्हणजे पुढे फॉन्ट असो नसो, डोळ्यांना वाचता येतील. मग मजकूर युनिकोडमध्ये फिरवला. रूपांतरकं मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात. पत्नी रोज दुपारी दहा-दहा पानं तपासते आहे. काकांनी मोडी कागदांचे फोटोही काढून ठेवले होते, ते वेगळ्या फोल्डरमध्ये. मोडीला युनिकोडमध्ये जागा 2014 साली मिळाली. काका तेव्हा असते तर त्यांनी मूळ मोडीतूनच टाईप करायला घेतलं असतं, त्यांचा काही नेम नव्हता.

मागच्या पाडव्याला मी रंगीत तालीम घेतली. जुळी डिस्क देवासहून आणली, भाच्याच्या होस्टेलच्या मशीनला लावली, आणि तिच्यावरून काकांचा एक्सपी उठतो का ते बघितलं. उठला. ताईनं स्वतः फाईल उघडली. बॅकअप आहे असं मी त्या दिवसापासून म्हणतो, त्याआधी नुसती डिस्क होती.

अकरा शाखांपैकी दहा मिळाल्या. अकरावी फाईल नेमकी खराब सेक्टरांत गेली. ती ग्वाल्हेरची. नाव दिसतं, आकार दिसतो, उघडत नाही. काकांच्या टाचणवहीत एवढंच आहे की 2004 च्या उन्हाळ्यात ते लष्करात आणि शिंदे की छावणीत चार घरी गेले होते, तिथल्या एका आजींनी जुनी वही दाखवली आणि जेवू घातलं. आमचं आडनाव प्रोफाइलवर आहेच. ग्वाल्हेरकर मंडळींपैकी कुणाच्या घरी असे एक मास्तर येऊन वही उतरवून गेल्याचं आठवत असेल, किंवा त्यांनी नंतर पोस्टानं पाठवलेली छापील पानं कुणाच्या ट्रंकेत असतील, तर कृपा करून कळवा. वहीचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवलात तरी चालेल. नाहीतर तारीख सांगा, डिस्क घेऊन मीच येतो.